विकलेला माल परत कोण घेतो?

बनशंकरी म्हटले की मराठी वाचकाला प्रथम आठवते ती बदामीजवळची देवी. महाराष्ट्रातल्या अनेक घराण्यांची ती कुळस्वामिनी आणि देवांग विणकरांची आराध्यदेवता. बेंगळूरुच्या दक्षिणेला कनकपुरा रस्त्यावर तिचेच देऊळ १९१५ मध्ये उभे राहिले. पुढे विकास प्राधिकरणाने टप्प्याटप्प्याने वसवलेल्या मोठ्या वसाहतीला तिचे नाव मिळाले आणि जून २०१७ पासून मेट्रोची ग्रीन लाइन या वसाहतीतून धावू लागली. या एका मार्गावर आपल्या किरकोळ व्यापाराच्या जवळजवळ सगळ्या पिढ्या ओळीने नांदताना दिसतात. बनशंकरीत प्राधिकरणाचे बाजार संकुल आणि आतल्या रस्त्यांवरची किराणा, कापड, भांड्यांची दुकाने आहेत. उत्तरेकडे निघाले की जयनगरचा मध्यमवर्गीय बाजार लागतो, मग के. आर. मार्केट, मग रेशमी साड्यांच्या घाऊक आणि किरकोळ पेढ्यांनी गजबजलेले चिक्कपेटे, आणि मार्गाच्या दुसऱ्या टोकाकडे, नागसंद्र स्थानकाजवळ, जून २०२२ मध्ये उघडलेले आयकियाचे अवाढव्य दालन. घरबसल्या खरेदी करायची तर फ्लिपकार्ट, मिंत्रा आणि मीशो या तिन्ही कंपन्याही याच शहरात जन्मलेल्या. बनशंकरीतल्या एखाद्या कुटुंबाने दिवाळीची खरेदी या सगळ्या ठिकाणी वाटून केली, तर माल परत करण्याचे तितकेच वेगवेगळे नियम त्याच्या वाट्याला येतील. कुठे बिलावरच ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का, कुठे ‘बदलून मिळेल, पैसे मिळणार नाहीत’, कुठे दुपारी ठरावीक वेळातच अदलाबदल, तर कुठे माणूस घरी येऊन वस्तू घेऊन जातो आणि पैसे खात्यात जमा होतात.

एकाच शहरात, एकाच कायद्याखाली इतका फरक का? सहज सुचणारे उत्तर स्वभावाचे असते. मोठे दुकानदार सभ्य आणि उदार, छोटे हटवादी, असे आपण म्हणून टाकतो. उलट बाजूने व्यापारी म्हणतात, गिऱ्हाईक लबाड झाले आहे. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, आणि ती मान्य केली की ग्राहकाने नेमके काय मागावे हेही चुकते. या लेखाचा मुद्दा असा की परतीची सोय मालकाच्या स्वभावापेक्षा तीन व्यावहारिक प्रश्नांवर ठरते. परत आलेली वस्तू पुन्हा कितीला विकली जाईल? जो तोटा होईल तो साखळीतल्या कुणाच्या अंगावर पडेल? आणि परत आलेली वस्तू तीच आहे, आणणारा माणूस खरा आहे, याची खात्री दुकानाला कशी पटेल? या तीन प्रश्नांची उत्तरे बदलली की त्याच मालकाचा नियम बदलतो. म्हणून सगळ्या दुकानांनी सारखेच उदार व्हावे ही मागणी निष्फळ आहे. आपण दुसऱ्या दोन गोष्टी मागायला हव्यात, आणि त्यांवर तडजोड होऊ देता कामा नये.

पुढे जाण्याआधी दोन प्रकारच्या परती वेगळ्या केल्या पाहिजेत, कारण बाजारात त्यांची जाणूनबुजून सरमिसळ केली जाते. एक, सदोष मालाची परत: शिवण उसवलेली, मिक्सर चालत नाही, साडीला डाग आहे, पेटीत दुसरीच वस्तू निघाली. दोन, मन बदलल्याची परत: रंग घरी पसंत पडला नाही, माप बसले नाही, तीच वस्तू दुसरीकडे स्वस्त दिसली. पहिल्या प्रकारात दुकानदाराच्या मर्जीचा प्रश्नच नाही. जुलै २०२० मध्ये अंमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत आणि लिहिली नसेल तर ३० दिवसांत हे झाले पाहिजे. त्याच महिन्यात आलेल्या ई-कॉमर्स नियमांनी ऑनलाइन विक्रेत्यालाही बांधून घेतले. सदोष, वर्णनाशी न जुळणारी किंवा सांगितलेल्या वेळेनंतर पोचवलेली वस्तू परत घ्यायला त्याला नाही म्हणता येत नाही. भिंतीवरची पाटी कायद्याहून मोठी नसते. दुसऱ्या प्रकारात मात्र कायदा दुकानदाराला मोकळे सोडतो. धडधाकट साडी केवळ आवडली नाही म्हणून परत घेण्याचे बंधन त्याच्यावर नाही. दुकानादुकानांतला खरा फरक या दुसऱ्या प्रकारात आहे, आणि पुढचे विवेचनही त्याच्याचबद्दल आहे.

पहिला प्रश्न परत आलेल्या वस्तूच्या किमतीचा. रेशमी साडी दुकानातून बाहेर पडली, तिला फॉल-पिको झाले, ब्लाउजपीस कापला गेला, की ती पुन्हा नवी म्हणून विकता येत नाही. नुसती घडी मोडून अंगावर घेतली असली तरी रेशमाची मूळ घडी पुन्हा तशी बसत नाही, आणि जाणकार गिऱ्हाईक घडी पाहूनच साडी हातात घेते. शिवाय सणाचा हंगाम सरला की नक्षी जुनी होते. ऑगस्टमधल्या वरमहालक्ष्मीच्या पूजेसाठी भरलेला माल दसऱ्या-दिवाळीनंतर सवलतीतच काढावा लागतो. मिठाई, फुले, आतले कपडे, नाव कोरलेली भांडी यांची परत आल्यावरची किंमत जवळजवळ शून्य. मिंत्राचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. २००७ मध्ये ही कंपनी नाव-छायाचित्र छापलेले मग, टी-शर्ट अशा खास घडवलेल्या भेटवस्तूंसाठी सुरू झाली आणि काही वर्षांनी तयार कपड्यांकडे वळली. एकाच्या नावाचा मग दुसऱ्याला विकता येत नाही, म्हणून पहिल्या धंद्यात परतीला जागाच नव्हती. कपड्यांच्या धंद्यात माप बसते की नाही हे अंगावर घातल्याशिवाय कळत नाही, म्हणून तिथे परतीवाचून गिऱ्हाईक मिळणे अशक्य. कंपनी तीच राहिली, वस्तू बदलली आणि वस्तूबरोबर परतीचा नियमही बदलणे भाग पडले.

याच्या दुसऱ्या टोकाला सोने आहे. कापडात हटवादी वाटणारा बाजार सराफकट्ट्यावर एकदम मवाळ होतो, कारण सोन्याचा भाव रोज जाहीर होतो आणि दागिना जुना झाला तरी सोने जुने होत नाही. हॉलमार्कच्या दागिन्यावर १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी सक्तीचा झाल्याने शुद्धतेचा वादही बराच मिटला. तरीही सराफ पूर्ण रक्कम परत देत नाही. घडणावळ जाते, भरलेला ३ टक्के जीएसटी जातो, काही ठिकाणी वजनात घट धरली जाते. हा व्यवहार आपल्याला अन्यायाचा वाटत नाही, कारण परतीची किंमत काय हे खरेदीच्या वेळीच ठाऊक असते. परतीला किंमत असते आणि ती आधी उघड केली तर गिऱ्हाईक ती बिनतक्रार मोजते, हे सराफाच्या पेढीवर आपण कितीतरी पिढ्या अनुभवतो आहोत. कापडाच्या आणि विजेच्या उपकरणांच्या बाजाराने हा धडा अजून घेतलेला नाही.

दुसरा प्रश्न तोट्याच्या वाटणीचा. किरकोळ दुकानदार हा साखळीचा शेवटचा दुवा. त्याच्या मागे ठोक व्यापारी, त्याच्या मागे उत्पादक. मागचा दुवा माल परत घेत असेल तरच पुढचा दुवा गिऱ्हाइकाशी उदार राहू शकतो. औषधाच्या दुकानात मुदत संपलेला माल वितरकामार्फत कंपनीकडे परत जातो, म्हणून दुकानदार तो मुकाट्याने बाजूला काढून ठेवतो. पावाच्या कंपन्या न खपलेले पाव उचलून नेतात. वर्तमानपत्रे आणि नियतकालिकांच्या विक्रीत न खपलेले अंक परत घेण्याची जुनी पद्धत आहे. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने सुरू केलेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेतही विक्रेत्याने धीराने भरपूर अंक मागवायचे तर परतीची हमी लागतेच, कारण तुळशीचे लग्न उलटले की अंकाची मागणी ओसरते. चिक्कपेटेतून रोखीने किंवा महिना-दोन महिन्यांच्या उधारीवर माल उचलणाऱ्या बनशंकरीतल्या छोट्या कापडवाल्याला ही हमी बहुधा नसते. हंगाम संपल्यावर उरलेल्या साड्या त्याच्याच कपाटात राहतात. त्याने गिऱ्हाइकाची साडी परत घेतली तर त्याची साडी परत घेणारा कुणी नाही. ‘पैसे मिळणार नाहीत, बदलून घ्या’ हा त्याचा नियम यातून येतो. अदलाबदलीत त्याचा नफा आणि गल्ल्यातली रोकड शाबूत राहते, क्रेडिट नोट काढून जीएसटीचा हिशेब फिरवण्याचे कामही टळते.

आयकिया किंवा डेकॅथलॉनसारख्या दुकानांची स्थिती नेमकी उलट आहे. ती मुख्यतः स्वतःच्याच नावाचा माल विकतात. परत आलेल्या खुर्चीवरून त्यांना दुसऱ्या कुणा उत्पादकाशी वाद घालावा लागत नाही. आयकिया परत आलेले फर्निचर सवलतीच्या वेगळ्या कोपऱ्यात मांडून विकते, आणि एकच वस्तू वारंवार परत येऊ लागली तर दोष रचनेत आहे की जोडणीच्या सूचनेत, हे कारखान्यापर्यंत पोचते. अशा दुकानाला परत आलेल्या मालातून माहिती मिळते आणि त्या माहितीचा फायदाही त्याच्याच पदरात पडतो. दहा कंपन्यांचे मिक्सर विकणाऱ्या दुकानदाराला तीच माहिती मिळाली तरी तो तिचे काही करू शकत नाही. म्हणून तो गिऱ्हाइकाला कंपनीच्या सेवाकेंद्राकडे पाठवतो. हे गिऱ्हाइकाला टोलवाटोलवी वाटते, आणि सदोष मालाच्या बाबतीत ती टोलवाटोलवीच असते. परंतु मन बदलल्याच्या परतीत त्याचे हात खरोखरच बांधलेले असतात.

आकाराचाही यात वाटा आहे, पण तो श्रीमंतीचा म्हणून नव्हे. महिन्याला हजारो वस्तू विकणाऱ्या दालनात किती परत येतील याचा अंदाज बांधता येतो आणि तो खर्च प्रत्येक वस्तूच्या किमतीत थोडाथोडा मिसळता येतो. दिवसाला चार साड्या विकणाऱ्या दुकानात एक परत आली तर त्या दिवसाची कमाई गेली. माणसांचेही तसेच. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी दुकान भरलेले असताना विक्रेत्याने परतीच्या वादात अर्धा तास घालवला तर नवे गिऱ्हाईक निघून जाते. ‘अदलाबदल फक्त दुपारी, सुट्टीचे दिवस सोडून’ ही अनेक कापड दुकानांतली पाटी त्यामुळेच आली. नोकरदार माणसाला ती जाचक आहे यात शंका नाही, कारण त्याच वेळी तो कामावर असतो. ती मागे घेता येईल, पण त्यासाठी दुकानाला एक वेगळा माणूस बसवावा लागेल आणि त्या माणसाचा पगार शेवटी साडीच्या किमतीत दिसेल.

तिसरा प्रश्न खात्रीचा. परत आलेली वस्तू तीच आहे का, आणणारा कोण? परतीची सोय ही पाश्चात्त्य दुकानांची किंवा ऑनलाइन कंपन्यांची देणगी आहे असा समज आहे, तो बरोबर नाही. आपल्याकडे जांगडावर माल देण्याची चाल फार जुनी आहे. घरी लग्न असले की ओळखीच्या पेढीवरून शालू, दागिने पसंतीसाठी घरी यायचे. ठेवायचे ते ठेवून बाकीचे परत जायचे. मुंबईच्या हिरे बाजारात आजही दलालाला जांगडावर माल दिला जातो. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम २४ अशाच पसंतीवर दिलेल्या मालाबद्दल आहे. पसंती कळवली, किंवा मुदतीत परत केला नाही, की विक्री पुरी झाली असे ते सांगते. आजच्या जीएसटी कायद्यातही अशा मालासाठी सहा महिन्यांची तरतूद आहे. म्हणजे परतीची कल्पना बाजाराला परकी नव्हती. ती ओळखीवर उभी होती. पेढीला घर ठाऊक, घराला पेढी ठाऊक, आणि एकदा फसवले की दोघांचीही पत जाणार. चिक्कपेटेत लग्नाचा बस्ता बांधायला दुरून येणारे गिऱ्हाईक पुन्हा कधी दिसेल याचा भरवसा नसतो. ओळख संपते तिथे परत थांबते.

ओळखीची जागा दोन गोष्टी घेऊ शकतात. एक म्हणजे वस्तूवरची खूण. मोबाइलचा आयएमईआय, दागिन्याचा एचयूआयडी, कर्नाटक रेशीम उद्योग महामंडळाच्या म्हैसूर रेशीम साडीवरचा स्वतंत्र क्रमांक यांमुळे एक विकले आणि दुसरेच परत आले ही लबाडी अवघड होते. दुसरी म्हणजे ठरलेला भाव. घासाघीस करून ठरलेल्या व्यवहारात प्रत्येकाचा भाव वेगळा असतो. परतीला मुभा दिली तर शेजारी शंभर रुपये कमी ऐकलेले गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येऊन घासाघीस नव्याने सुरू करील. म्हणून घासाघिशीच्या बाजारात सौदा झाला की तो संपला, ही रीत टिकून राहते. पॅरिसमध्ये १८५२ पासून अरिस्तीद बुसिको यांनी ‘बाँ मार्शे’ हे दुकान वाढवताना ठरलेला भाव आणि परतीची मुभा या दोन गोष्टी बरोबरच आणल्या, हा योगायोग नव्हता. पहिलीशिवाय दुसरी उभी राहत नाही.

ऑनलाइन खरेदीत हे तिन्ही प्रश्न तर आहेतच, त्यात चौथी अडचण येते. वस्तू हातात घेऊन पाहता येत नाही. बेंगळूरुतच २००७ मध्ये पुस्तकविक्रीपासून सुरू झालेल्या फ्लिपकार्टने २०१० मध्ये वस्तू हाती आल्यावर पैसे देण्याची सोय आणली, तेव्हा ती याच अविश्वासावरचा उपाय होती. परतीची हमी हा त्याचा पुढचा भाग. पण तिथेही तोटा कुणाचा हा प्रश्न सुटलेला नाही, तो फक्त ग्राहकाच्या नजरेआड गेला आहे. परकीय गुंतवणूक असलेल्या ई-कॉमर्स कंपन्यांना आपल्याकडे स्वतःच्या मालकीचा माल थेट ग्राहकाला विकता येत नाही. त्या बाजार चालवतात, माल हजारो लहान विक्रेत्यांचा असतो. त्यामुळे उदार नियम जाहीर करते कंपनी आणि परत आलेल्या चुरगळलेल्या कुर्त्याचा तोटा अनेकदा सोसतो सुरतेचा किंवा तिरुपूरचा एखादा छोटा विक्रेता. ज्याला तोटा सोसावा लागत नाही त्याचे औदार्य स्वस्तात पडते. या दृष्टीने मीशोची एक पद्धत प्रामाणिक वाटते. तिथे एकाच वस्तूला दोन पर्याय दिसू शकतात. कोणत्याही कारणाने परत करण्याची मुभा हवी असेल तर एक किंमत, आणि फक्त चुकीची किंवा सदोष वस्तू आल्यासच परत करायची असेल तर थोडी कमी किंमत. परत फुकट नसते हे इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच मांडलेले दिसते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळे दुकानदाराच्या बाजूचे झाले. परतीची मुभा दिली तर विक्रीही वाढते, मग खर्चाचा बाऊ कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. नारायण जानकीरामन, हॉली सिर्डल आणि रायन फ्रेलिंग यांनी या विषयावरच्या आधीच्या संशोधनांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये ‘जर्नल ऑफ रिटेलिंग’मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की नियम सैल केल्याने परत वाढते, पण विक्री त्याहून अधिक वाढते. आणखी एक गोष्ट त्यात दिसली. मुदत लांबवली तर परत वाढण्याऐवजी घटते. घाई नसली की माणूस वस्तू घरात रुळू देतो आणि मग ती त्याची होऊन जाते. बनशंकरीतल्या दुकानदाराने यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. दोन दिवसांची धास्ती घालण्यापेक्षा पंधरा दिवसांची निवांत मुदत त्यालाही फायद्याची ठरू शकते. पण हा निष्कर्ष सरासरीचा आहे. विक्री वाढली तरी प्रत्येक विक्रीवरचा नफा किती आणि परत आलेल्या मालाची किंमत किती, यावर त्या दुकानाचे गणित ठरते. तीन टक्क्यांवर चालणाऱ्या किराणा दुकानाला आणि तीस टक्क्यांवर चालणाऱ्या कपड्यांच्या दुकानाला एकच सल्ला लागू पडत नाही.

अमर्याद औदार्याचे काय होते याची उदाहरणेही समोर आहेत. अमेरिकेच्या मेन राज्यातील एल. एल. बीन या दुकानाची ख्यातीच मुळी परतीवर उभी होती. १९१२ मध्ये विकलेल्या पहिल्या शंभर बुटांच्या जोड्यांपैकी नव्वद सदोष निघाल्या आणि मालकाने सगळ्यांचे पैसे परत केले, ही त्या दुकानाची जन्मकथा. शतकभर त्यांनी कितीही जुनी वस्तू परत घेतली. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांना ही मुभा एका वर्षावर आणावी लागली, कारण आधीच्या पाच वर्षांत अशा मालावर २५ कोटी डॉलर गेल्याचे कंपनीने सांगितले. लोक जुन्या बाजारातून वापरलेले कपडे आणून परत करू लागले होते. अमेरिकेच्या नॅशनल रिटेल फेडरेशनच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये तिथे सुमारे ८९० अब्ज डॉलरचा, म्हणजे एकूण विक्रीच्या १६.९ टक्के माल परत आला. ब्रिटनमध्ये झाराने २०२२ मध्ये टपालाने परत करणाऱ्यांवर शुल्क बसवले, दुकानात आणून देणाऱ्यांना मात्र ते माफ ठेवले. या खर्चाचा भार शेवटी कुणावर? जो कधीच काही परत करत नाही त्या गिऱ्हाइकावर. जपून, पारखून घेणारा माणूस चार मापे मागवून तीन परत करणाऱ्याचा खर्च भरतो, हा अन्याय ‘फुकट परत’ या घोषणेत झाकला जातो.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा. गिऱ्हाईक लबाडी करते, समारंभात साडी नेसून दुसऱ्या दिवशी परत आणते, तेव्हा नकार हाच सुरक्षित मार्ग. लबाडी होते हे खरे. पण थोड्यांच्या लबाडीसाठी सगळ्यांना शिक्षा करणे हे आळसाचे उत्तर आहे. खूण शाबूत, बिल सोबत, घडी न मोडलेली, ठरलेल्या मुदतीत, अशा अटी घालून लबाडीला आवर घालता येतो. नेसलेली साडी नाकारण्याचा दुकानदाराला पूर्ण हक्क आहे. डाग घेऊनच विकलेली साडी नाकारण्याचा मात्र त्याला मुळीच नाही. ‘विकलेला माल परत नाही’ ही पाटी या दोन्ही गोष्टी एका वाक्यात गुंडाळते, आणि तिथेच तिचा खरा अपराध आहे. कायदा माहीत नसलेला माणूस ती वाचून सदोष माल मुकाट्याने घरी ठेवतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. युरोपीय संघात १४ दिवसांत कारण न देता परत करण्याचा हक्क आहे, तो आपल्याकडे सक्तीने का आणू नये? उत्तर त्या कायद्यातच आहे. जून २०१४ पासून लागू झालेला तो हक्क ऑनलाइन, दूरध्वनीवरून किंवा दारावर झालेल्या खरेदीला आहे, दुकानात हाताळून घेतलेल्या वस्तूला नाही. खास मापाने बनवलेल्या, नाशवंत आणि आरोग्याच्या दृष्टीने सीलबंद वस्तू त्यातून वगळल्या आहेत, आणि आधी सांगितले असेल तर परत पाठवण्याचा खर्च ग्राहकाकडे असतो. म्हणजे युरोपनेही वस्तू न पाहता घेतलेल्या माणसाला संरक्षण दिले, पाहून घेतलेल्याला नाही. हे तत्त्व आपल्यालाही पटण्यासारखे आहे. ऑनलाइन खरेदीत मन बदलण्याचा मर्यादित, आधी जाहीर केलेल्या खर्चासह हक्क द्यायला हरकत नाही, मात्र तो खर्च लहान विक्रेत्याच्या माथी मारण्याची मुभा बाजार चालवणाऱ्या कंपनीला असता कामा नये. बनशंकरीतल्या दहा फुटी दुकानावर तीच सक्ती केली तर दुकानदार माल कमी ठेवील, भाव वाढवील, आणि ज्या गिऱ्हाइकासाठी कायदा केला त्याचीच निवड आटेल.

मग आग्रह कशाचा धरायचा? दोन गोष्टींचा. पहिली, सदोष माल आणि मन बदलणे यांची पाटीवर, बिलावर आणि बोलण्यातही वेगळी नोंद हवी. सदोष मालाचे पैसे परत मिळाले पाहिजेत. त्याच्या बदल्यात दुसरा माल किंवा जमापावती घेण्याची सक्ती नको. दुसरी, मन बदलल्यास काय मिळेल, किती दिवसांत, कोणत्या वेळी आणि किती कपात होऊन, हे पैसे देण्याआधी ग्राहकाला कळले पाहिजे, त्याला समजणाऱ्या भाषेत आणि दिसेल अशा जागी. बिलाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेला नियम ग्राहकाला कळतो तो पैसे दिल्यानंतर, आणि तेव्हा त्याच्या निवडीला अर्थ उरत नाही. सराफ घडणावळ आधी सांगतो, मीशो दोन किमती शेजारी दाखवते. इतरांना हे अशक्य नाही. नियम कडक असो की सैल, तो आधी उघड असला की दुकानांत त्यावरून स्पर्धा सुरू होते, आणि सक्तीपेक्षा अशी स्पर्धा अधिक काळ टिकते.

यात ग्राहकाचाही वाटा आहे, आणि महाराष्ट्राला त्याची परंपरा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यातून उभी केलेली ग्राहक पंचायतीची चळवळ आणि १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत यांनी दाखवून दिले की एकटे गिऱ्हाईक दुबळे असते, संघटित ग्राहकाचे व्यापाऱ्याला ऐकावे लागते. मुंबई ग्राहक पंचायतीत कुटुंबांचे गट करून महिन्याचा माल एकत्र मागवतात, तेव्हा खराब मालाची तक्रार एका घराची राहत नाही. वसाहतीतल्या सोसायट्यांना आणि महिला मंडळांना हे आजही जमण्यासारखे आहे. तोवर प्रत्येकाने निदान इतके करावे: पैसे देण्याआधी परतीचा नियम विचारावा, बिल मागावे आणि जपून ठेवावे, दोष दिसताच लेखी कळवावे. दुकान दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच ती दाखल करता येते. दुकानदाराने आपले मन बदलू द्यावे, ही आपली विनंती असते. सदोष वस्तू परत घ्यावी, हा आपला हक्क आहे. विनंती सौजन्याने करावी आणि हक्क सोडू नये.